अवयवदानाचा फॉर्म भरलात? मग आता घरात सांगा : कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

अण्णांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, हे आम्हाला त्यांच्या बाराव्याला कळलं. विम्याची पॉलिसी शोधताना निळ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये, गॅसच्या पुस्तकामागे ते कार्ड सापडलं. साक्षीदार म्हणून धाकट्या काकांची सही. काकांना विचारलं तर म्हणाले, "आरं, शिबिरात तवा सगळ्यांनीच भरला हुता. कोन ध्यानात ठेवतंय?"

अण्णा पहाटे चारला गेले. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणजे सकाळी दहापर्यंत वेळ होता. तेवढ्या वेळात घरात पन्नास माणसं जमली. पावण्यांना फोन झाले, पंचगंगेवर निरोप गेला, रक्षाविसर्जन किती वाजता त्याचा मेसेजसुद्धा टाईप होऊन तीन ग्रुपवर पडला. नेत्रपेढीला फोन तेवढा कुणी केला नाही, कारण करायचा होता हे कुणाला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून कुणी मला "अवयवदानाचा फॉर्म कुठं मिळतो?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "घरात कुणाला सांगितलंयस?" पुढची सगळी माहिती त्याच क्रमानं आहे.

अवयव कमी का पडतात

आपल्या देशात २०२३ साली १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. आकडा मोठा वाटतो, पण त्यातले बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले. मृत्यूनंतर अवयव देणारे दाते अख्ख्या देशात जेमतेम अकराशे. दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हाच आकडा पंचेचाळीसच्या वर आहे. तिथल्या कायद्यात संमती गृहीत धरलेली आहे, तरी डॉक्टर नातेवाइकांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. त्यांची खरी कमाई म्हणजे रुग्णालयारुग्णालयात या कामासाठी नेमलेली, शिकवून तयार केलेली माणसं.

आपल्याकडे दात्यांचा तुटवडा द्यायचं मन नाही म्हणून आहे असं मला वाटत नाही. होळीला शेणी जाळण्यापेक्षा स्मशानभूमीला देणारी मंडळं याच कोल्हापुरात आहेत. अडतं दुसरीकडेच. पुणे-बेंगळुरू हायवेवर डोक्याला मार लागलेला पोरगा ज्या दवाखान्यात पोचतो तिथं मेंदूमृत्यूची (मेंदू कायमचा बंद, हृदय मात्र व्हेंटिलेटरच्या हवेवर चालू, अशा मृत्यूची) तपासणी होत नाही, झाली तर नातेवाइकांना कुणी नीट विचारत नाही, आणि विचारलंच तर ते हा शब्दच पहिल्यांदा ऐकत असतात. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात फारशा नाहीत. तिसरी पूर्णपणे आहे.

आधी हे समजून घ्या : कुठल्या मृत्यूत काय देता येतं

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. घरी, म्हातारपणानं किंवा हृदय बंद पडून मृत्यू आला तर मूत्रपिंड, यकृत, हृदय देता येत नाही. रक्तपुरवठा थांबला की हे अवयव काही मिनिटांत निकामी व्हायला लागतात. अशा वेळी देता येतात ते डोळे, त्वचा, किंवा संपूर्ण देह.

मोठे अवयव द्यायचे तर मृत्यू अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना आणि मेंदू मृत होऊन आलेला लागतो. डोक्याला जबर मार लागणं किंवा मेंदूत रक्तस्राव होणं ही त्याची नेहमीची कारणं. असे मृत्यू एकूण मृत्यूंमध्ये फार थोडे असतात, म्हणूनच असा एकेक दाता मोलाचा. एका दात्याचं हृदय, दोन फुप्फुसं, यकृत, दोन मूत्रपिंडं, स्वादुपिंड आणि आतडं मिळून आठ जणांना उपयोगी पडू शकतं.

वय, साखर, बीपी यांची यादी करून स्वतःच स्वतःला बाद करू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याचे डोळे चालतात, चष्मेवाल्याचे चालतात. साखर आहे म्हणून यकृत आपोआप बाद होत नाही. काय घ्यायचं, काय नाही, ते त्या वेळी डॉक्टर तपासून ठरवतात. एचआयव्ही, पसरलेला कर्करोग, रक्तात भिनलेला जंतुसंसर्ग अशा गोष्टी असतील तर तेच नको म्हणतील.

पहिली पायरी : घरात बोला

तुम्ही फॉर्म भरला असो वा नसो, वेळ आल्यावर कागदावर सही करायची ती घरच्यांनी. कायद्यानं तुमच्या लेखी संमतीला किंमत आहे, पण नातेवाईक आडवे आले तर आपल्याकडे कुठलंही रुग्णालय अवयव काढायला धजत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा: फॉर्म कधीच भरला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात, मयतानं हयातीत विरोध केलेला नसला म्हणजे झालं.

बोलायचं कुणाशी? नवऱ्याशी, बायकोशी, तरण्या मुलांशी तर आलंच. पण आपल्या घरांमध्ये अशा वेळी निर्णय कोण घेतो ते तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. थोरले चुलते, मामा, भावकीतलं एखादं वजनदार माणूस. "दादा येऊ देत मुंबईहून, मग बघू" म्हणत जे थांबतं, ते बहुतेक कायमचंच थांबतं. त्या दादांना आजच सांगून ठेवा.

सुरुवात कशी करायची याची फार काळजी करू नका. अण्णांचं कार्ड सापडल्यावर आम्ही आमचं बोलणं जेवताना काढलं. आई म्हणाली, "डोळं दिलं तर म्होरल्या जल्मी आंधळं जन्मतंय म्हणत्यात." बहीण म्हणाली, "मग जाळल्यावर सगळं अंगच जातंय की गं. म्होरल्या जल्मी काय बिनअंगाचं यायचं?" आई हसली. सही मात्र तिनं आठ दिवसांनी केली, आणि ते बरंच झालं. घाईनं घेतलेली सही उपयोगाची नाही.

आणखी एक भीती हमखास निघते: देह विद्रूप होईल, शेवटचं तोंड बघता येणार नाही. अवयव काढणं ही शस्त्रक्रियाच असते, ऑपरेशन थिएटरमध्ये होते आणि टाके घालून देह परत देतात. कपडे घातल्यावर काही कळत नाही. डोळ्यांची तर हल्ली बहुधा फक्त वरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, घेतात आणि पापण्या मिटलेल्या राहतात. अंत्यविधी, रक्षाविसर्जन, दिवसकार्य, सगळं नेहमीसारखं करता येतं.

दुसरी पायरी : नोंदणी

ही सगळ्यात सोपी. दिल्लीच्या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या संकेतस्थळावर आधारशी जोडलेल्या मोबाईलवरून नोंद होते. ओटीपी येतो, कुठले अवयव द्यायचे त्यावर खुणा करायच्या, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. तिथं अडीअडचणीला कुणाशी संपर्क साधायचा ते विचारतात. त्या जागी स्वतःचाच दुसरा नंबर टाकणारे महाभाग मी पाहिलेत. घरच्या माणसाचा टाका. अडलं तर १८००-११-४७७० हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. विचार बदलला तर नोंद मागे घेता येते.

कागदावर करायची तर नमुना क्रमांक ७ भरा. वय १८ पूर्ण हवं. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. इथं साक्षीदार विसराळू निवडू नका, एवढंच आमच्या काकांच्या अनुभवावरून सांगतो. गाडीचं लायसन काढताना फॉर्ममध्ये अवयवदानाचा रकाना असतो, तोही वाचून भरा. एजंट तो विचारत नाही.

तिसरी पायरी : अतिदक्षता विभागाच्या दारात

हा भाग कुणाला वाचावासा वाटणार नाही, पण वेळ आली की वाचायला सवड नसते.

मेंदूमृत्यू आणि कोमा या दोन वेगळ्या गोष्टी. कोमातल्या माणसाचा मेंदू जिवंत असतो, तो कधी कधी जागाही होतो. मेंदूमृत्यूत मेंदूचा देठ कायमचा बंद पडलेला असतो आणि श्वास घ्यायचा हुकूम देणारी जागाच गेलेली असते. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाची स्वतःची चालना असते, त्यामुळे हवा मिळते तोवर ते धडधडत राहतं, अंग गरम लागतं. आईनं हातात हात धरलेला आहे, हात उबदार आहे, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. हे पटायला अवघड आहे, आणि ते पटायला वेळ मागण्यात काही चूक नाही.

तपासणी कशी होते ते माहीत असलं की विश्वास बसायला मदत होते. चार डॉक्टर असतात: रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतले एक तज्ज्ञ, मेंदूविकार तज्ज्ञ किंवा मेंदूचे सर्जन (ते नसतील तर कायद्यानं ठरवलेले दुसरे तज्ज्ञ), आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही यात बसू शकत नाही. डोळ्यांवर उजेड टाकतात, बुबुळाला स्पर्श करतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून खोकला येतो का बघतात. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटं काढतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साईड वाढल्यावर तरी माणूस स्वतःहून श्वास ओढतो का ते पाहतात. हे सगळं कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं दोनदा करतात. दोन्ही वेळा काहीच हालचाल नसेल तर नमुना १० वर चौघांच्या सह्या होतात.

माझ्या मित्राच्या मेहुण्याच्या वेळी एका दवाखान्यात पहिली चाचणी झाल्या झाल्या, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या, एकानं विचारलं, "किडनी द्यायचा विचार आहे का?" माणूस गेलाय हे अजून बायकोला सांगितलेलं नव्हतं. मेहुण्याचे वडील त्याच्या अंगावर धावून गेले. तिथंच तो विषय संपला. ती माणसं देणारी नव्हती असं मी म्हणणार नाही. दरसाल रक्तदान शिबिर घेणारं घर ते.

म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर उभ्यानं उत्तर देऊ नका. बसायला खोली मागा. रुग्णालयात अवयवदानाचा समन्वयक असेल तर त्याला बोलवायला सांगा, कारण हे बोलणं हे त्याचं काम आहे. मग सरळ विचारा: पहिली चाचणी किती वाजता झाली? दुसरी कधी? दुसऱ्या चाचणीला आमच्यातला एक जण आत उभा राहू शकतो का? (बरीच रुग्णालयं राहू देतात, आणि डोळ्यांनी पाहिलं की घरातला वाद निम्मा मिटतो.) या रुग्णालयाला अवयव काढायची मान्यता आहे का, की पेशंट हलवावा लागेल? बिल कुठल्या क्षणापासून आमच्याकडून बंद होईल?

शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. संमतीनंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा, नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घ्यायचा नाही असा नियम आहे. त्याआधीच्या उपचाराचं बिल मात्र आपलंच. ही रेघ कुठं पडते ते लिहून घ्या.

संमती नमुना ८ वर होते. दाता १८ वर्षांखालचा असेल तर आई किंवा वडील नमुना ९ वर सही करतात. अपघात असेल तर पोलीस आले, पंचनामा आला, शवविच्छेदन आलं. ते अवयव काढण्याबरोबरच करून घेता येतं. तशी विनंती लगेच करा, नाहीतर देह ताब्यात मिळायला उगीच उशीर होतो. तरीही सगळं मिळून एक दिवस जाऊ शकतो. गावाकडं निरोप देताना "संध्याकाळी माती" असं सांगून बसू नका.

पुढे काय होतं : पुणे किती लांब

कोल्हापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, झेडटीसीसीच्या, हद्दीत येतं. रुग्णालय त्यांना कळवतं, आणि अवयव कुणाला जाणार ते रक्तगट, प्रतीक्षायादीतला क्रम आणि रुग्णाची स्थिती बघून ठरतं. आधी आपला विभाग, मग राज्य, मग बाहेर असा साधारण क्रम. बेळगाव आपल्याला पुण्याच्या निम्म्यावर आहे, पण ते दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या यादीत.

अंतराचं गणित साधं आहे. हृदय काढल्यापासून बसवेपर्यंत चार ते सहा तास मिळतात, यकृताला बारा तासांपर्यंत, मूत्रपिंडाला चोवीस तास किंवा थोडं जास्त. पुणे रस्त्यानं सुमारे २३० किलोमीटर. मूत्रपिंड बर्फाच्या पेटीत गाडीनं आरामात पोचतं. हृदयाला उजळाईवाडीच्या विमानतळाचा किंवा पोलिसांनी मोकळ्या करून दिलेल्या रस्त्याचाच आधार, ज्याला आपण ग्रीन कॉरिडॉर म्हणतो. तावडे हॉटेलच्या चौकात कधी पोलीस सगळ्यांना अडवून उभे दिसले, तर हॉर्न वाजवायच्या आधी ॲम्ब्युलन्स येते का बघा.

अवयव कुणाला गेला ते नाव दोन्ही बाजूंना सांगत नाहीत.

घरी मृत्यू झाला तर

अण्णांच्या वेळी जे केलं नाही ते असं. पंखा बंद करा, एसी असला तर चालू राहू दे. पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी देऊन डोकं जरा उंच करा. नेत्रपेढीला फोन करा. फॅमिली डॉक्टरांना बोलावून मृत्यूचा दाखला लिहून घ्या, कारण पथक आलं की पहिल्यांदा तोच मागतं. पथक थोडं रक्त तपासणीला घेतं, आणि डोळ्यांचं काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तोवर आंघोळ घालून देह बाहेर काढायची घाई करू नका. कुणा एका शांत डोक्याच्या माणसाला एवढंच काम द्या. बहुतेक घरात असा एक जावई असतो.

नंबर आजच मिळवा. सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, नेत्रविभागात जाऊन विचारा, जवळच्या नेत्रपेढीचाही घ्या, दोन्हींवर एकदा फोन लावून बघा. रात्री उचलतात का तेही विचारा.

त्वचा घरूनही, साधारण तेवढ्याच वेळेत घेतात. मात्र त्वचापेढीचं पथक येऊ शकतं का ते आधी विचारून ठेवलेलं बरं.

देहदान वेगळं. ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे, त्यांचा वेगळा फॉर्म. डोळे दिल्यावर देह घेतात. मोठे अवयव दिले किंवा शवविच्छेदन झालं तर बहुधा घेत नाहीत. म्हणून दोन्ही फॉर्म भरून ठेवा, मृत्यू कसा येईल त्यावर कुठला लागू पडेल ते ठरतं. देहदानात नंतर रक्षा मिळत नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगा. ऐनवेळी त्यावरूनच अडतं.

आपल्याच माणसाला अवयव लागला तर

प्रतीक्षायादीत नाव थेट घालता येत नाही. प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फतच घालावं लागतं. २०२३ पासून रहिवासी दाखल्याची अट आणि ६५ वर्षांची मर्यादा केंद्रानं काढायला सांगितली आहे. नाव नोंदवल्यावर डायलिसिस चालू असताना तपासण्या ताज्या ठेवा, फोन बंद पडू देऊ नका, आणि रात्री दोनला बोलावणं आलं तर पुण्याला कुणाची गाडी निघेल ते ठरवून ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण दोन्ही बसतात, रुग्णालय योजनेत आहे का ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. ऑपरेशननंतरच्या गोळ्या जन्मभर लागतात. त्यांचा दरमहाचा खर्च आधी विचारा, कारण लोक ऑपरेशनचे पैसे जमवतात आणि तिसऱ्या वर्षी गोळ्यांना कमी पडतात.

जिवंत दाता म्हणून कायद्यानं जवळचे मानलेले ते नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं. जावई, मेव्हणा, दोस्त यांचं प्रकरण परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढं जातं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांमध्ये अदलाबदल करता येते. देशातल्या जिवंत दात्यांत साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत. तेव्हा "वैनीच देतील की" असं म्हणण्याआधी घरातल्या पुरुषांनीही एकदा रक्तगट तपासून घ्यावा.

"किडनी मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर चहासुद्धा पिऊ नका त्याच्याबरोबर. अवयवाची खरेदी-विक्री केली तर पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते एक कोटी दंड आहे. देणारा, घेणारा, मधला, तिघंही त्यात येतात.

आमच्या घरात आता एक कागद आहे. चौघांची नावं, कुणी काय द्यायचं म्हटलंय, नेत्रपेढीचे दोन नंबर, सीपीआरचा एक, फॅमिली डॉक्टरांचा एक, आणि प्रमाणपत्रं कुठल्या फाईलमध्ये आहेत ते. आईनं तो फ्रीजला लावलाय, दुधाच्या हिशोबाशेजारी. धाकट्या काकांनाही त्याचा फोटो पाठवलाय.